नखाएवढी स्प्रिंग

हरवलेल्या वस्तूवर लोक चिडतात. ताई हरवणाऱ्यावर चिडायची. "हरवली म्हणजे काय? तिला काय पाय फुटले? ठेवलीस तिथे नाही, म्हणजे पडली तिथे असणार. कुठे पडली तेवढं सांग आणि बाजूला हो." एवढं बोलून ती गुडघ्यांवर बसायची, आणि कानातल्याची फिरकी असो, चष्म्याचा स्क्रू असो की कुणाच्या दातावरची टोपी असो, वस्तू घेऊनच उठायची. गल्लीत तिचा तसा दराराच होता. तिच्या वयाच्या बाकी बायकांना लोक तब्येत विचारत, तिला विचारत, "ताई, आज काय सापडलं?" हा प्रश्न ऐकून तिला जे बरं वाटायचं, ते लपवायला तिला कधी जमलं नाही.

ही विद्या तिने कपडे शिवण्याच्या कारखान्यात कमावली होती. लग्न केलं नाही, नोकरी केली, आणि ती सगळी त्या एकाच कारखान्यात. तिथला नियम असा, की मशीनवर सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत काम पुढे जायचं नाही. कपड्यात राहिलेलं टोक उद्या कुणाच्या लेकराच्या मानेत घुसेल, ही भीती. तुकडे गोळा करायचे, कागदावर एकाला एक लावून अख्खी सुई जुळवायची, मग मशीन सुरू. टोक मिळालं नाही की सगळी रांग हात बांधून बसायची आणि सुपरवायझर नाचायचा. बाकीच्या बायका रडकुंडीला यायच्या. ताई मात्र डोळे मिटून बसायची आणि आधी आठवायची, की सुई तुटली तेव्हा आवाज कसा झाला होता. पुढे पुढे तिला दुसऱ्या मजल्यांवरून बोलावणी यायला लागली. नोकरी संपली तेव्हा कारखान्याने तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि शिवताना बोटात घालायचं आपलं पितळी अंगुस्तान ती स्वतःच घेऊन आली. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. अंगुस्तान तिच्या एप्रनच्या खिशात कायम असायचं.

आली ती धाकट्या भावाकडे. त्याची बायको वारली होती, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता, आणि घरात चुलीपेक्षा भट्टीच जास्त पेटत होती. भाऊ बंदुकांचा मिस्त्री. रीतसर परवाना घेऊन दुरुस्तीचं दुकान चालवायचा. जग त्याला मिस्त्री म्हणायचं आणि ताई धाकट्या म्हणायची, केस पांढरे झाले तरी. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीखाली जाड लाकडाचं बेंच, त्यावर काम घट्ट आवळून धरणारा लोखंडी शिकंजा, वरून पत्र्याच्या टोपीचा दिवा लोंबणारा, भिंतीला लहानमोठ्या कानशींची रांग, कोपऱ्यात दुहेरी कुलपाचं पोलादी कपाट. मधे एक पडदा, आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. नेमबाजीच्या स्पर्धेतली पोरं यायची, शेतातली रानडुकरं हाकणारे यायचे, आणि बँकांचे, गोदामांचे पहारेकरी यायचे. कुणाचा चाप जड झालेला, कुणाच्या नळीला गंज.

बंदुकीच्या पोटात किती बारीकसारीक ऐवज असतो, ते ताईला इथे येऊन कळलं. बाहेरून एवढी दणकट दिसणारी चीज, आणि तिचा सगळा रुबाब कुठल्यातरी तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनेवर. ती पिन खाली पडली की बंदूक म्हणजे नुसती काठी. आणि अशा पिना पडायच्याच. स्प्रिंगा तर पडायच्याही नाहीत, उडायच्या. पहिल्याच आठवड्यात ताईने दुकानात आपला कायदा लावला. काहीही पडलं की तिने आतून "थांबा" म्हणायचं, आणि माणूस असेल तिथे, असेल तसा थांबायचा. एकदा एक पोलीस अधिकारी पिस्तूल न्यायला आले होते. स्क्रू पडला, ताईने थांबा म्हटलं, आणि साहेब एक पाय उंबऱ्यावर आणि एक पाय हवेत असे उभे राहिले. ताईने बेंचखालून सुरुवात करून सावकाश सगळी जमीन पाहिली आणि शेवटी साहेबांच्या पँटच्या दुमडीतून स्क्रू काढून मिस्त्रींच्या हातावर ठेवला. साहेब त्यानंतर दुकानात यायचे ते दारातच पँट झटकून.

तिच्या युक्त्या साध्या होत्या. बॅटरी जमिनीला टेकवून आडवा उजेड सोडायची, म्हणजे मोहरीएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते. लोहचुंबक पिशवीत घालून फिरवायची, मग पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं आपोआप सुटतं. केर कधी फेकायची नाही, चाळणीने चाळायची. आणि काहीच जमलं नाही तर तसाच दुसरा तुकडा त्याच जागेवरून मुद्दाम उडवून बघायची, तो कुठे जातो ते.

भावाला हे सगळं वेळेची नासाडी वाटायचं. "ताई, तू शोधेपर्यंत मी दुसरा करून बसवला असता," तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. कानस, शिकंजा आणि भट्टी एवढ्यावर त्याने अशा जुन्या बंदुकांचे भाग घडवले होते, की ज्यांचे कारखाने बुडूनही जमाना झाला होता. ताई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "कर की. पण मग पहिला गेला कुठे?" शोधायचं की घडवायचं, हे त्यांचं भांडण जेवताना सुरू व्हायचं आणि भांडी घासून होईपर्यंत चालायचं. दोघांनाही ते हवंहवंसं होतं.

गेल्या वर्षापासून हे भांडण बंद पडलं. मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, वय आहे. डॉक्टरांच्या मते ही चांगली बातमी होती. मिस्त्री चहाचा कप अर्धाच भरून घ्यायला लागले, आणि ताईही न बोलता अर्धाच भरून द्यायला लागली. नवा भाग घडवायचं त्यांनी सोडूनच दिलं. तयार मिळाला तर मागवून बसवायचा, नाहीतर गिऱ्हाइकाला म्हणायचं, "याचं काही होणार नाही, दुसरीकडे दाखवा." भट्टीवर जुन्या डब्यांचा ढीग साठला. नेमबाजीचा एक पोरगा बाहेर उभा राहून मित्राला सांगत होता, की म्हाताऱ्याचे हात गेले, आता मोठ्या दुकानात जायचं. ते दोघांनीही ऐकलं, आणि आपण ऐकलं नाही असं दोघांनीही एकमेकांना दाखवलं.

अशात एके सकाळी बँकेचा पहारेकरी आपली दुनळी बंदूक घेऊन आला. हा गडी दाराच्या चौकटीएवढा उंच, मिशा भरघोस, आवाज घोगरा, आणि स्वभावाने इतका भित्रा, की बंदूक बाळगून त्यालाच भीती वाटायची. बंदूक त्याच्या वडिलांची, परवाना त्याच्या नावावर, आणि नोकरी त्या बंदुकीमुळेच. परवा बँकेत तपासणी होणार होती. बंदूक चालती नसेल तर पहारेकऱ्याला घरी पाठवून त्या जागी एजन्सीचा माणूस घेणार, असं मॅनेजरनी बजावलं होतं.

"एका बाजूचा घोडा ताणून ठेवला की आपोआप सुटतोय," पहारेकरी म्हणाला. "मिस्त्री, माझी बायको म्हणते बंदूक घरात नको आणि मॅनेजर म्हणतात बंदुकीशिवाय बँकेत नको. मी जाऊ कुठे?"

"खुर्चीवर जा," मिस्त्री म्हणाले. "मळ बसला असेल. उघडून साफ करून देतो."

पहारेकऱ्याने टोपी काढून खिडकीच्या कट्ट्यावर उताणी ठेवली आणि हात जोडल्यासारखा बसला. मिस्त्रींनी बंदुकीच्या बाजूची पट्टी काढली. घोडा ताणला की त्याला अडवून धरणारा एक खटका आत असतो, आणि त्या खटक्याला जागेवर दाबून ठेवते नखाएवढी एक स्प्रिंग: पोलादाची पातळ पट्टी, मधोमध दुमडलेली. ती काढताना वरून रुमाल टाकायचा असतो, म्हणजे उडाली तरी रुमालातच राहते. हे मिस्त्रींनी जन्मभर प्रत्येकाला शिकवलं होतं. जो रुमाल टाकत नाही त्याने कानशीला हात लावू नये, असं ते म्हणायचे. त्या दिवशी सगळं लक्ष थरथरणाऱ्या हाताला आवरण्यात होतं, आणि रुमाल खुंटीवरच राहिला.

चिमटा सटकला. टिंग असा आवाज आला.

"थांबा," पडद्याआडून ताई म्हणाली.

पहारेकरी खुर्चीत होता तसा गोठला. मिस्त्रींनी हातातला रिकामा चिमटा पाहिला, मग खुंटीवरचा रुमाल पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला. ताई बाहेर आली. भावाचा एप्रन, बाह्या, पँटच्या दुमड्या, पहारेकऱ्याचे खिसे, मोजे, सगळं झालं. जमीन बघून झाली. चुंबक फिरवून झालं. पहारेकऱ्याच्या मिशाही तिने निरखल्या आणि तो बिचारा श्वास धरून बसला. स्प्रिंग काही मिळाली नाही.

"उद्या कामावरून सुटलास की ये," मिस्त्री पहारेकऱ्याला म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "सापडेल. ताई आहे ना."

पहारेकरी इतका हबकला होता, की टोपी तिथेच ठेवून बोडक्यानेच गेला. मिस्त्री आत जाऊन बसले. ताई दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. टिंग. बस, एकच टिंग. तो दिव्याच्या पत्र्याच्या टोपीचा आवाज. पण त्यानंतर वस्तू कुठेतरी खाली पडायला हवी. फरशीवर पडली तर टिक वाजणार, बेंचवर पडली तर टक. दुसरा आवाज झालाच नव्हता. म्हणजे स्प्रिंग मऊ वस्तूवर पडली. ताईने डोळे उघडले आणि सरळ खिडकीकडे गेली. पहारेकऱ्याच्या टोपीच्या आत, घामाने काळ्या पडलेल्या अस्तराच्या घडीत, स्प्रिंग आरामात बसली होती.

ती मुठीत धरून ताई पडद्याशी आली. भावाला हाक मारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिला ऐकू आलं, की तो मुलाशी फोनवर बोलतोय.

"आज रुमाल टाकायचा विसरलो रे," तो सांगत होता. "मी विसरलो. आता नको. ताईला ती स्प्रिंग सापडली की बसवतो आणि महिनाअखेर दुकान बंद. परवान्याची मुदत संपतेच आहे, वाढवत नाही. तू म्हणतोस तेच खरं, हात गेले माझे. हे शेवटचं काम."

ताई पडद्याच्या अलीकडेच थांबली. आयुष्यात तिने इतक्या वस्तू शोधल्या, पण सापडलेल्या वस्तूचं काय करायचं हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. ज्याची त्याला द्यायची, संपलं. आता मात्र मुठीतली स्प्रिंग द्यावी तर तिच्याबरोबर दुकानही बंद होणार होतं. आणि दुकान बंद झाल्यावर हा माणूस मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात काय करणार? मुलगा गुणाचा होता, आत्यालाही या म्हणायचा. ताई एकदा राहून आली होती. त्या घरात सगळं भिंतीतल्या कपाटांत. वस्तू हरवायला काय, पडायलाही जागा नव्हती. आपण हे भावासाठी करतोय की स्वतःसाठी, असं तिने स्वतःला विचारलं. दोघांसाठी, असं उत्तर आलं आणि त्याची तिला लाज वाटली नाही. तिने खिशातलं अंगुस्तान काढलं, स्प्रिंग त्यात सरकवली, वर कापसाचा बोळा दाबला आणि अंगुस्तान परत खिशात टाकलं.

मग ती आत गेली. "नाही सापडत," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिच्या तोंडून याआधी कुणी ऐकले नव्हते. बाहेर पडताना ते तिच्या घशात अडकलेच.

मिस्त्रींनी फोन ठेवला. "नाही सापडत म्हणजे?"

"म्हणजे नाही सापडत."

"नीट बघितलंस?"

"मला विचारतोस नीट बघितलं का म्हणून?" ती खोट्यापेक्षा खऱ्या रागाने म्हणाली, आणि ते बरंच झालं.

"अगं, पण तशी तयार स्प्रिंग आता कुठेच मिळत नाही. परवा त्याची तपासणी आहे. नोकरी जाईल त्याची."

"मग कर की नवी."

त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तिच्यासमोर धरला. हात थरथरत होता. त्या हाताने लहानपणी तिचा फ्रॉक धरून तो शाळेत जायचा, हे तिला आठवलं आणि तिचा जीव कळवळला. पण ती एवढंच म्हणाली, "भट्टीवरचे डबे मी उतरवते."

काम सुरू झालं. मिस्त्रींनी पोलादाची पट्टी कापली आणि कानशीखाली धरली. हात हलला की कानस तिरकी जाते, आणि तिरक्या पट्टीची स्प्रिंग होत नाही. पहिली पट्टी वाया गेली. दुसरी जेमतेम घासून झाली, तापवून दुमडताना कडेने फाटली. ताई दिवा धरून उभी होती. ती काही सुचवत नव्हती, धीरही देत नव्हती. धीर दिला असता तर त्याने हत्यारं फेकलीच असती. एक स्प्रिंग अखेर तयार झाली. पोलादाला पाणी देणं म्हणतात ते त्यांनी तेलात दिलं: लाल पट्टी चर्र करून तेलात गेली. थंड झाल्यावर नुसती दाबली, तर काचेसारखी तुटली.

"घाई केलीस," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"तू शोध आधी, मग मला शिकव," मिस्त्री ओरडले. वर्षभरानंतर पहिल्यांदा ते तिच्यावर ओरडले होते. ताईला मनातून इतका आनंद झाला, की तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या आधी बेंचशी बसलेले दिसले. त्यांनी एक नवी गोष्ट काढली होती. आजवर ते कानस फिरवायचे, आता त्यांनी कानसच शिकंजात घट्ट आवळली होती. दोन्ही मनगटं बेंचच्या कडेला टेकवून ते पट्टी कानशीवरून ओढत होते. हात थरथरतच होता, पण मनगट टेकलं की थरथर बोटांपर्यंत पोचेपर्यंत बरीच कमी व्हायची. मधे थांबायचे, श्वास सोडायचे, पुन्हा ओढायचे. जे काम पूर्वी चहा निवेपर्यंत व्हायचं, त्याला सगळी सकाळ गेली. ताईने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तिला आपल्या भावाचा जो अभिमान वाटला, तो तिला त्याच्या उमेदीच्या काळातही कधी वाटला नव्हता. धडधाकट हाताने काम करणं ते काय, कुणीही करेल.

पण दुपार कलली तरी स्प्रिंग झाली नव्हती, आणि ताईचा जीव टांगणीला लागला. एक पट्टी तिच्यासमोर मऊ पडली. दाबली ती दबलेलीच राहिली. पहारेकरी बँकेतून सुटायची वेळ जवळ येत होती. त्याच्या घरात चूल त्या नोकरीवर पेटते, हे ताई विसरली नव्हती. भावाचं मन राखायला दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, हे तिचं आधीच ठरलं होतं. पहारेकऱ्याचे बूट पायरीवर वाजले की कपाटाखाली हात घालायचा आणि "अरे, ही बघ" म्हणायचं. तिने अंगुस्तानातला बोळा काढूनही ठेवला.

मिस्त्रींनी शेवटच्या दुमडलेल्या पट्टीला तेलात पाणी दिलं, ती पुसली, आणि भट्टीच्या मंद धगीवर धरली. आता घाई नाही. पट्टी आधी पिवळसर झाली, मग तपकिरी, मग जांभळी. "दिवा बाजूला घे," ते म्हणाले. उजेड हटला, आणि पट्टीवर निळा रंग चढलेला दिसला. त्यांनी ती उचलली, निवू दिली. मग खुंटीवरचा रुमाल घेऊन शिकंजावर टाकला आणि त्याच्याखाली हात घालून स्प्रिंग चिमट्यात दाबली. सोडली. ती उघडली. पुन्हा दाबली, पुन्हा उघडली.

बाहेर पायरीवर बूट वाजले. ताईचा हात खिशात गेला.

"दारातच थांबा," मिस्त्री न बघता म्हणाले. दारात उभ्या पहारेकऱ्याने डोळे मिटून घेतले. मिस्त्रींनी रुमालाखालीच स्प्रिंग खटक्यामागे बसवली, बंदुकीच्या बाजूची पट्टी लावली, रिकाम्या बंदुकीचा घोडा ताणला. खट. घोडा थांबला. त्यांनी दस्त्यावर थाप मारली, बंदूक हलवली, लाकडी ठोकळ्याने ठोकली. घोडा जागचा हलला नाही. मग चाप ओढला तेव्हाच सुटला. हे त्यांनी इतक्या वेळा केलं, की पहारेकऱ्याने एक डोळा उघडून विचारलं, "बिघडली का परत?"

"ने," मिस्त्री म्हणाले. "तपासणी झाली की परत आण, पुन्हा बघतो." आणि पडद्याकडे वळून, "ताई, चहा टाक. कप भरून."

ताई आत गेली आणि ओट्याला धरून रडली. मग चहा टाकला, कप भरून. थोडा बशीत सांडला, तो मिस्त्री बशीतून प्याले. पहारेकरी आपली टोपी घालून गेला. ती टोपी हातात देताना ताई का हसतेय, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. तपासणीत बंदूक पास झाली. महिनाअखेर आली तेव्हा मिस्त्री परवान्याची मुदत वाढवून आले आणि मुलाला फोनवर म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी."

इथवर सगळं ताईच्या मनासारखं झालं. पुढचं तिने हिशोबात धरलं नव्हतं.

मिस्त्रींनी ही हकिकत सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. त्यांचा आनंद मावत नव्हता, आणि हकिकत सांगायची तर तिची सुरुवात एकच: "आमच्या ताईला सापडली नाही हो." औषधाच्या दुकानात सांगितलं, नेमबाजीच्या पोरांना सांगितलं, पँट झटकून आत येणाऱ्या साहेबांना सांगितलं. सांगताना बहिणीविषयी त्यांच्या आवाजात इतकी माया असायची, की ऐकणारा हळहळायचा. "वय झालं तिचं. मी तिला बोलून दाखवत नाही." एके दिवशी ते तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ताईने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ धडाधड वाचली. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी तिचा हात धरून रस्ता ओलांडला आणि म्हणाले, "नजरेचं नसेल. लक्षाचं असेल."

गल्लीत कुणी आता "आज काय सापडलं" असं विचारत नव्हतं. औषधवाल्याच्या सुनेच्या कानातल्याची फिरकी पडली, तेव्हा ती दोन घरं सोडून शिंपिणीला बोलवायला गेली. ताई दारातच उभी होती. "तुम्हाला कशाला त्रास, ताई," असं म्हणून ती पुढे गेली. शिंपिणीला फिरकी मिळाली नाही. ती गटाराच्या जाळीच्या कडेला अडकलेली ताईला दारातून दिसत होती. तो दिवस तिला जड गेला. खिशातलं अंगुस्तान बेंचवर आपटावं आणि जगाला ओरडून सांगावं, असं तिला वाटलं. ती आत येऊन केर चाळत बसली.

अंधार पडायच्या आधी ती बाहेर गेली, फिरकी काढली, धुतली आणि औषधवाल्याच्या उंबऱ्यावर सहज दिसेल अशी ठेवून आली.

पावसाळा सरला तेव्हा दुकानात पुन्हा गर्दी होती. मिस्त्री नेमबाजीच्या एका पोरीच्या रायफलची पिन बसवत होते. पोरगी जवळच उभी होती. शिकंजात आवळलेली कानस, टेकवलेली मनगटं, रुमाल, सगळं जागच्या जागी. तरी पिन निसटली. टिक. मग पुन्हा टिक.

"थांबा," असं या वेळी मिस्त्रीच म्हणाले.

ताई पडद्यातून बाहेर आली. आवाज तिने ऐकला होता, त्यामुळे तिची नजर आधीच बेंचच्या डाव्या पायाकडे गेली होती. पिन तिथे पडली होती, उन्हाच्या पट्ट्यात, चक्क चमकत.

मिस्त्री खुर्चीवरून उठले, गुडघे कुरकुरले, आणि बॅटरी जमिनीला टेकवून आडवे झाले. भलत्याच दिशेला. "तू बस ताई," ते खालून म्हणाले, "मी बघतो. तुला दिसतेय का कुठे?"

पोरगी ताईकडे बघत होती. तिलाही पिन दिसली होती आणि ती बोट दाखवणार, एवढ्यात ताईने तिचं मनगट हळूच धरलं.

"नाही रे," ताई म्हणाली. "मला नाही दिसत." या वेळी शब्द घशात अडकले नाहीत.

मग ती खुर्चीवर बसली आणि धाकट्याची बॅटरी फिरत फिरत बेंचच्या डाव्या पायाशी येण्याची वाट बघत राहिली.